खिळेवाली

"पान्यात बघ, मग बोल."

असं म्हणून ती गिऱ्हाइकाचं मनगट धरायची आणि सरळ पाण्यात बुडवायची. पत्र्याचं पिंप आडवं कापून केलेली टाकी होती तिची. वर्षानुवर्षांच्या रबरानं पाणी शाईसारखं काळं झालेलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला असो की नवी कोरी साडी नेसलेली असो, ट्यूब पाण्यात दाबायची ती गिऱ्हाइकानंच आणि बुडबुडा शोधायचा तोही त्यानंच. ती नुसती शेजारी उभी राहायची. दोन्ही हात वर, पंजे उघडे, पोलिसानं पकडल्यासारखे. बुडबुडा दिसला की म्हणायची, "एक दिसला ना? मग एकच पॅच. आता माझ्या हातात दे."

माझाही हात तिनं असाच बुडवला होता. पहिल्या भेटीत. मी ओरडले, "अहो, बांगड्या!"

"बांगड्या धुतल्या जातील गो. पंक्चर धुतलं जानार नाय."

भुईगावच्या रस्त्यावर, देवळाच्या वळणाच्या जरा अलीकडे तिचं दुकान होतं. देऊळ म्हणजे चर्च. तिकडे आमच्या ख्रिस्ती गावकऱ्यांच्या तोंडी देऊळच असतं. वर पत्रे, बाजूला चिंचेचं झाड, पुढे एक बाकडं. नाव सांगत नाही तिचं. तिला चाललं नसतं आणि तुम्हालाही त्याची गरज नाही. मी तिला "बाय" म्हणायची आणि ती मला "गाडीवाली".

गाडीवाली, कारण माझी शाळेची व्हॅन होती. आता हसाल तुम्ही, पण चाळिशी उलटल्यावर लायसन काढलं मी. आमचे हे पहाटे मुंबईला जायचे ते दिवेलागणीला परत, आणि एव्हरशाईन सिटीतल्या त्या नव्या नव्या इमारतींत दिवसभर बसून करायचं काय? सोसायटीतल्या मुलांना पश्चिमेच्या शाळेत सोडायला धड गाडी नव्हती. म्हटलं, मी नेते. मुलं सोडायची आणि सुटेपर्यंत तिकडेच थांबायचं. परत रेल्वेच्या पुलावरून पूर्वेला घरी येण्यात पेट्रोल जाळायचं कशाला? म्हणून माझी सकाळ तिच्या बाकड्यावर जायची. भाजी निवडायची पिशवी घेऊन बसायची मी. ती टायर उचकटायची, मी शेंगा सोलायची, आणि दोघींची तोंडं चालू.

पण बाकड्यापर्यंत पोचायला मला वेळ लागला. टायरवाल्यांवरचा माझा विश्वास आधीच उडाला होता ना.

हायवेवरच्या एका दुकानात मी एक पंक्चर घेऊन गेले होते आणि तीन पंक्चर घेऊन बाहेर आले. तुमच्याही बाबतीत झालं असेल. तो माणूस ट्यूब पाण्यात फिरवतो, आपण आपले दुसरीकडे बघत असतो, आणि म्हणतो, "ये देखो मॅडम, एक और." एक और कुठून येतं ते बायनं मला पुढे दाखवलं. बोटांच्या बेचक्यात दाभणाचं बारीक टोक धरायचं. ट्यूब चाचपल्यासारखं करायचं आणि पाण्याखाली टोचायचं. बुडबुडा खराच येतो. खोटं फक्त त्याचं कारण असतं.

"म्हनून माझे हात वर," ती म्हणाली. "मी चोर नाय हे मी सांगून काय उपयोग? चोरपन तेच सांगतो."

दुकान मूळचं तिच्या नवऱ्याचं. त्याच्या छातीत दम भरू लागला, पहार उचलवेना, तेव्हा तो चिंचेखाली खुर्ची टाकून बसला आणि हिनं पदर खोचला. सुरुवातीला लोक थांबायचे, आत डोकवायचे, बाई बघून विचारायचे, "शेठ नाय?" ही सांगायची, "शेठ झाडाखाली हाय. पंक्चर इकडे हाय. तुला काय काढायचं?"

माहेर तिचं पाचूबंदरचं. किल्ल्याशेजारी, मासळीच्या धक्क्यावर वाढलेली. भावांच्या बोटी होत्या. त्यामुळे बोलणं खणखणीत. समुद्रावर वाऱ्यात हाक मारायची सवय असलेल्या माणसांचं असतं तसं. कानात बोलली तरी वळणापलीकडे ऐकू जायचं. तिच्याशी गुपित म्हणून बोलायची सोय नव्हती.

आणि तिची ती सुरी. मासे चिरायची, माहेरहून आणलेली, लाकडी मुठीची. टायरच्या दुकानात मासळीची सुरी कशाला, असं मला पहिले काही दिवस वाटायचं. मग एकदा कळलं, आणि चांगलंच कळलं.

झालं असं, की माझ्या मागच्या एका टायरला बाजूनं चीर पडली होती. वार्षिक परीक्षा तोंडावर होत्या. म्हटलं, आतून रबराचा तुकडा लावून देईल, सुट्टी लागेपर्यंत निघेल, मग बघू. असा तुकडा लावून देतात, सगळीकडे देतात. बायनं टायर काढला, उभा केला, चिरेत बोट घालून बघितलं.

"हा मेला," ती म्हणाली.

"अगं, पण महिनाभर..."

"ह्याच्यात पोरं बसतात ना तुझी?"

"बसतात म्हणूनच सांगते, आत्ता नवा घ्यायला..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिनं सुरी साबणाच्या पाण्यात बुडवली आणि टायरच्या कुशीत खुपसली. वितभर तिरका वार. वर जाता जाता जरासा वळलेला. फार आवाज नाही झाला. पपई चिरल्यासारखा.

मी उभीच राहिले. माझा टायर! मला न विचारता! संतापानं माझ्या तोंडातून शब्द फुटेना, आणि माझ्या तोंडातून शब्द न फुटणं ही काय चीज आहे ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

"आता कर काय करायचं ते," सुरी पुसत ती म्हणाली. "शिव्या दे. पन हा आता कुनाच्याच गाडीला लागनार नाय."

मी शिव्या दिल्या नाहीत. पण मनात आलंच की, बरी युक्ती आहे. जुना कापायचा म्हणजे गिऱ्हाइकाला नवा घ्यावाच लागतो. म्हणून मी तरातरा मेन रोडवरच्या मोठ्या दुकानात गेले. काचेचं दार, आत पंखा, चाकं तपासायचं मशीन. त्यांनी गाडी आत घेतली, गोल फिरून बघितली आणि सांगितलं, "मॅडम, चारही बदला. बच्चों का मामला है." तीच मुलं, बघा. एकीनं त्यांच्या नावावर एक टायर कापला आणि दुसरा त्यांच्याच नावावर चार विकायला निघाला.

मी परत तिच्याकडे आले. तिनं गाडीखाली वाकून उरलेल्या तिन्ही टायरांवरून तळहात फिरवला, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. "तीन चांगले हायेत. पाऊस काढतील. एकच घे." आणि तिनं एकच लावला.

तरी एक शंका उरलीच. मेलेले टायर ती गिऱ्हाइकाला परत देत नसे. ठेवून घ्यायची, दुकानामागे रचायची, आणि अधूनमधून एक टेम्पो येऊन घेऊन जायचा. आणि मला हेही ठाऊक होतं की जुन्या गुळगुळीत टायरवर तापलेल्या पात्यानं नव्या खाचा पाडतात, काळं पॉलिश मारतात आणि भोळ्याभाबड्याला विकतात. मी विचारलं तिला. आडून नाही, सरळच. तिच्याशी आडून बोलून उपयोग नव्हता.

तिनं हातातली पहार खाली ठेवली. "चल. तुझा टायर दाखवते."

माझ्याच व्हॅनमधून गेलो आम्ही पाचूबंदरला. मासळीचा लिलाव संपला होता. धक्क्याला बोटी एकमेकींना टेकून उभ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या कुशीला दोरानं बांधलेले टायर. लाट आली की बोट धक्क्यावर आदळते, तेव्हा मधे टायर मार खातो, बोटीला लागू देत नाही. आणि त्यातल्या कितीतरी टायरांना तोच तो तिरका वार. वर जरासा वळलेला.

"वार खालच्या अंगाला ठेवायचा," ती म्हणाली. "नायतर टायरात पानी भरतं, जड होतो, दोर तुटतो. कापला की पानी गळून जातं. रस्त्यावर मेला, इथं कामाला लागला." मग तिनं बोटीवर जाळं आवरणाऱ्या भावाला हाक मारली, "अरे, ह्या बाईचा टायर कुठला? तिला वाटतं मी विकून खाल्ला!"

सगळा धक्का हसला. मी त्या दिवसापासून बाकड्यावर बसायला लागले.

आता मुख्य गोष्ट सांगते. आतापर्यंतचं सगळं त्यासाठीच होतं म्हणा ना.

त्या भागात ख्रिस्ती पोरं वर्षाच्या शेवटच्या रात्री म्हातारा जाळतात. जुन्या कपड्यांत पेंढा भरून सरत्या वर्षाचा म्हातारा करायचा, दोन दिवस रस्त्याच्या कडेला खुर्चीत बसवायचा, येणाऱ्या जाणाऱ्याकडून वर्गणी काढायची आणि बारा वाजले की पेटवायचा. त्या वर्षी देवळाच्या वळणावरचा म्हातारा कधी नव्हे एवढा मोठा झाला. कारण लाकूड भरपूर होतं. ते बायनंच आणून दिलं होतं. पाचूबंदरला मासळीसाठी प्लास्टिकचे क्रेट आले आणि जुनी लाकडी खोकी सगळ्यांनी अंगणाबाहेर काढली. हिला पोरांचा भारी लळा; स्वतःला मूलबाळ नव्हतं. हिनं टेम्पोभर मोडकी खोकी आणून पोरांपुढे ओतली. "जाळा रे, म्हाताऱ्याला थंडी वाजते."

दुसऱ्या दिवशी पोरांनी आणखी एक चांगलं काम केलं. ढीगभर राख उरली होती. रस्त्याला खड्डे होते. नगरपालिका काही ते भरत नव्हती. पोरांनी राखेत माती कालवली आणि वळणापासून बायच्या दुकानापर्यंतचे सगळे खड्डे भरून टाकले. फादरांनी शाबासकी दिली. बायनं भजी खाऊ घातली.

आणि पंक्चरं सुरू झाली.

आधी दूधवाल्याची सायकल. मग शाळेतल्या एका शिक्षकांची स्कूटर. मग रिक्षा, मग टेम्पो. सगळी त्याच तुकड्यात, बायच्या दुकानासमोर. पहिल्या दिवशी लोक म्हणाले, "नशीब, दुकान समोरच आहे." दोन-तीन दिवसांनी म्हणाले, "दुकान समोरच कसं असतं दरवेळी?" आणि आठवड्याच्या आत बोलणं पुलापलीकडे आमच्या सोसायटीत पोचलं. पंक्चरवाले रस्त्यावर खिळे टाकतात हे तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत.

आमच्या शेजारच्या विंगमधल्या साठेबाई जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "तुम्ही त्या बाईकडे बसता म्हणे रोज? मुलं असतात गाडीत. एखाद्या दिवशी टायर फुटून काही झालं तर? आम्ही सगळ्याजणींनी ठरवलंय. तिचा रस्ता सोडा, नाहीतर आम्ही दुसरी व्हॅन बघतो."

"तिनं टाकले हे कोणी बघितलं?"

"बघायला कशाला हवं? दुकानाबाहेरच होतात पंक्चर. समजायचं ते समजा."

दुसऱ्या दिवशी मी मुलं सोडली आणि गाडी नेऊन तिच्या दुकानापुढेच उभी केली. उतरून बघते तर पुढचं चाक बसत चाललेलं. बाकडं रिकामं. गिऱ्हाईक कोणी नाही. एरवी त्या वेळेला दोन-तीन गाड्या तरी असायच्या. कोणीतरी तिच्या दुकानाच्या फळीवर कोळशानं लिहून ठेवलं होतं, "खिळेवाली". नवरा झाडाखालची खुर्ची फळीपाशी ओढून ते पुसत होता आणि पुसता पुसता धापा टाकत होता.

मी विचारलं, "बाय, तोंडावर विचारते. खिळे तू टाकतेस का?"

तिनं जॅक लावला. चाक काढलं. टायरमधून खिळा पक्कडीनं ओढला आणि तळहातावर घेतला. आखूड, काळा पडलेला, शेपटीकडे काटकोनात वळलेला. असा खिळा रस्त्यावर कसाही पडू द्या, एक टोक आभाळाकडेच राहणार. तिनं त्याच्या वळणावरून अंगठा फिरवला.

"लहानपनी हेच काम असायचं आम्हाला," ती हळू म्हणाली. तिच्या मानानं हळू. "बा खोकी ठोकायचा. खिळा पलीकडे निघाला की आम्ही पोरांनी दगडानं वळवायचा, मासळीला, हाताला लागू नये म्हनून. असा. बघ, असाच." मग तिनं रस्त्याकडे बघितलं, भरलेल्या खड्ड्यांकडे बघितलं. "लाकूड जळलं गो. खिळे कुठं जळतात?"

मला हायसं वाटलं. "चला, कारण तर सापडलं! तू टाकले नाहीस."

"टाकले नाय. पन माझेच हायेत."

नवऱ्यानं खुर्चीतून हात केला. "गप रव. कोनाला सांगू नको. पोरांनी भरले खड्डे, नगरपालिकेचा रस्ता. आज सांगशील तर लोक एवढंच धरतील की खिळे हिचेच होते. पुढचं कोन ऐकतंय? चार दिस जाऊ दे, इसरतील."

खरं सांगते, मलाही त्याचंच पटलं. व्यवहाराचं तेच होतं. दुकानाचं नाव म्हणजे काय असतं शेवटी? लोकांच्या तोंडात असतं ते. तिथे आपणहून कबुली नेऊन ठेवायची म्हणजे दुकानाला कुलूप घालायचं. मेन रोडवरचं काचेचं दुकान होतंच गिऱ्हाइकं झेलायला. मी म्हटलं, "शेठ बरोबर बोलतायत. आपण गुपचूप खिळे वेचून टाकू."

"पोरं काय शिकतील? खिळे टाकले तर गुपचूप वेचायचे?" ती म्हणाली. "नि मी लोकांचा हात पान्यात घालते. माझा बाहेर कोरडा ठेवू?"

एवढं बोलून तिनं माझी ट्यूब उचलली आणि पॅच लावायला घेतला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

रविवारी मी मुद्दाम गेले. मी काही त्या देवळातली नव्हे, पण बाहेर आवारात उभी राहिले. मिस्सा, म्हणजे आतली प्रार्थना, सुटली. लोक पायऱ्या उतरून आले, नेहमीसारखे घोळके करून थांबले. बाय नवऱ्याला धरून खाली आली, त्याला भिंतीला टेकवून उभं केलं आणि एकटी वळून शेवटच्या पायरीवर परत चढली. चांगलं लुगडं, खांद्यावर पांढरी ओढणी. हातात रुमालाची पुरचुंडी. भाषण वगैरे काही नाही. वाऱ्यात हाक मारावी तसा आवाज लावला.

"रस्त्यावरचे खिळे माझे हायेत. म्हाताऱ्याला मी खोकी दिली, त्याचे. पोरांचा दोष नाय, त्यांनी खड्डे भरले. मला कळायला पायजे होतं, मला नाय कळलं. असल्या खिळ्यानं पंक्चर झालं तर मी फुकट काढीन. ज्यांनी पैसे दिले त्यांनी येऊन घेऊन जा."

आणि पुरचुंडी सोडून तिनं वळलेले खिळे तळहातावर धरून सगळ्यांना दाखवले.

मागून कोणीतरी म्हणालंच, "म्हणजे खिळे हिचेच! आम्ही काय सांगत होतो?"

"तेच सांगते मीपन," ती त्या दिशेला म्हणाली. "माझेच. ये उद्या, तुझे पैसे हायेत माझ्याकडे."

लोक हसले. कोणाच्या बाजूनं हसले ते मला त्या क्षणी कळलं नाही. तिच्या नवऱ्यानं मान खाली घातली होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

सोमवारपासून तिनं खड्डे उकरायला घेतले. दुकान उघडायच्या आधी. पहार तिच्या हातात, आणि नवरा खुर्चीवर बसून पिठाच्या चाळणीनं राख-माती चाळतोय. लग्नाच्या बँडवाल्यांनी लाऊडस्पीकरचा फुटका कर्णा दिला होता. त्यातलं लोहचुंबक तिनं काठीला बांधलं आणि गोठ्यात झाडू मारावा तसं रस्त्यावरून फिरवायची. काठी उचलली की खाली काळ्या खिळ्यांचं झुंबर. पुढे पुढे पोरं यायला लागली, म्हातारा जाळणारी तीच. मीही मुलं सोडून आले की कंबर कसायची. एक रिक्षावाला जाता जाता ओरडला, "रात्री टाकते, सकाळी उचलते!" ती म्हणाली, "थांब, चाक दाखव. तुझ्याकडे माझा एखादा असेल तर देऊन जा." तो थांबला नाही. पण त्याच्या मागचा थांबला.

फुकट पंक्चर काढणं म्हणजे काय होतं ते मी बघितलं. सोल्यूशनचे डबे संपत होते, पॅच संपत होते आणि गल्ला रिकामा. नवरा कण्हत म्हणायचा, "दुकान बुडवशील." ती म्हणायची, "बुडू दे. पान्यात बुडवल्यावरच कळतं ना, हवा कुठून जाते?"

आणि मग साठेबाई आल्या.

स्वतःची स्कूटर ढकलत, घामाघूम. मला बाकड्यावर बघून जरा ओशाळल्या, पण आवाज चढाच. "तुमच्या खिळ्यानं झालंय म्हटलं. फुकट काढता ना?"

बायनं टायर काढला. ट्यूब पिंपाशी नेली. साठेबाईंचं मनगट धरलं आणि बुडवलं. घड्याळासकट. "पान्यात बघ, मग बोल." साठेबाई किंचाळल्या, पण बुडबुडा त्यांनीच शोधला. मग बायनं टायरमधून पक्कडीनं काय काढलं, तर चकचकीत नवा स्क्रू. कुठल्याशा कपाटाचा असेल.

तिनं तो उजेडात धरला, उलटसुलट केला आणि साठेबाईंच्या ओल्या तळहातावर ठेवला.

"हा माझा नाय. ह्याचे पैसे पडतील."

साठेबाईंनी स्क्रू बोटांत फिरवून बघितला. मग पर्स उघडली. सुटे नव्हते, मी दिले. जाता जाता मला म्हणाल्या, "तिनं 'माझाच' म्हणून फुकट काढून मला खूश केलं असतं, तरी मला काय कळणार होतं?" आणि दुसऱ्या दिवसापासून व्हॅनच्या रस्त्याबद्दल जिन्यात कोणी बोललं नाही.

सगळे परत आले असं मात्र नाही. काही गाड्या त्यानंतर कायमच्या मेन रोडला गेल्या. "खिळेवाली" हे नाव तर चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्यातला काटा गेला, लांबून येणाऱ्याला लोक सांगायचे, "खिळेवालीकडे जा, फसवणार नाही." नवऱ्यानं फळीवरचा कोळसा पुसला होता, पण नीट पुसला गेला नव्हता. तिनं त्यावर रंग काही मारला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "असू दे. पत्ता सापडायला बरं."

तुम्ही विचाराल, टायरवाल्यावर विश्वास ठेवावा का? माझं आता वय झालं, गाडी सोडूनही खूप काळ लोटला, पण एवढं मी ठासून सांगते: दुकानाची काच बघू नका आणि मालकाचं गोड बोलणं ऐकू नका. ट्यूब पाण्यात असताना त्याचे हात कुठे आहेत ते बघा. तुमचा जुना टायर पुढे कुठे जातो ते विचारा. आणि त्याची चूक झाल्यावर तो काय करतो, हे बघायला मिळालं तर नशीब समजा.

आधी तिचा नवरा गेला. नंतर तिचे गुडघे गेले. तरी ती खुर्चीवर बसून, दोन्ही हात वर करून, गिऱ्हाइकाकडूनच सगळं करून घ्यायची. मग एका पावसाळ्यानंतर मी बऱ्याच दिवसांनी तिकडे गेले तर दुकान बंद. शेजारच्यांनी सांगितलं. ताप आला होता, दोन दिवसांत संपलं. देवळामागच्या दफनभूमीत तिला ठेवली. मला निरोप कोणी द्यायचा, एव्हरशाईनमधली गाडीवाली एवढीच तर माझी ओळख. आता त्या जागी दुमजली घर आहे. चिंच आहे अजून.

परवा पाचूबंदरला गेले होते, सुनेला ओले बोंबील हवे होते म्हणून. धक्क्यावर एक बाप्या बोटीला नवा टायर बांधायच्या तयारीत बसला होता. नवा म्हणजे जुनाच. मेन रोडकडून आणलेला, गुळगुळीत. चेहरा ओळखीचा वाटला. विचारलं, तर तिचा भाचा निघाला. भावाचा मुलगा. मी कोण ते सांगितलं. "व्हॅनवाल्या काय? आत्या सांगायची," म्हणाला, आणि हातातलं काम चालू ठेवलं.

त्यानं बादलीतल्या पाण्यात सुरी बुडवली. लाकडी मुठीची. पातं झिजून निम्मं राहिलेलं. टायर गुडघ्यात धरला आणि कुशीत खुपसून तिरकी ओढली. वर जाता जाता जराशी वळवली.

मी म्हटलं, "पाणी गळून जायला ना? एवढा मोठा वार कशाला, छोटं भोक पुरलं असतं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. आवाज त्याच घरातला.

"पान्याला भोक पुरतं. पन उद्या कोनी हा इथून सोडून नेला नि गाडीला लावला तर?"

मग सुरी खाली ठेवून त्यानं टायर माझ्यापुढे धरला. "हात घालून बघा," म्हणाला.

मी बांगड्या मागे सारल्या आणि हात घातला. चार बोटं आरपार गेली.